गुरुजींनी राखलेली झोप
वडील प्रवरानगरच्या साखर कारखान्यात होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन उभा केलेला हा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला आणि आमच्यासारखी कितीतरी घरं त्याच्या भोंग्यावर जगू लागली. गळीत हंगामात रात्रपाळी लागली की वडील सकाळी घरी येत, भाकरी खाऊन आडवे होत. बाहेर पोरांचा दंगा, दारात भाजीवाला. दुपारी पुरुषमाणूस पांघरुणात दिसला की कुणीतरी म्हणून जाई, "काय, वामकुक्षी चाललीय?" आईला ते फार लागे.

शेजारी संस्कृत शिकवणारे निवृत्त गुरुजी राहत. त्यांनी एकदा बोलणाऱ्याला तिथंच थांबवलं. "वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आपली कूस त्या कुक्षीतूनच आलीय. जेवल्यावर शतपावली घालायची आणि अन्न पचावं म्हणून डाव्या कुशीवर घटकाभर टेकायचं, ती वामकुक्षी. डोळा लागलाच पाहिजे असं नाही. ह्या माणसाची ही रात्रीची झोप आहे. दिवसा घ्यावी लागते, एवढंच."

मग ते आईकडे वळले. जागरण झालं तर जितकं जागलो त्याच्या निम्मं सकाळी, जेवणाआधी झोपावं, असं वाग्भटानं अष्टांगहृदयात सांगितलंय, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आईनं भाकरी मागं ठेवली. वडील आधी झोपू लागले.

पण झोप नुसत्या ग्रंथाधारानं येत नाही, शांतता लागते. ती गुरुजींनी दिली. हंगामभर ते आळीतल्या पोरांना आपल्या ओसरीवर बसवून अमरकोश म्हणून घेत. त्यात कुक्षी हा शब्द पोटाच्या नावांमध्ये येतो. मराठीत येईतो तो बाजूला सरकला, अंगाची कड झाला, आईची कूसही झाला. हे मला ओसरीवर कळलं. पुढं मी भाषेचा अभ्यास केला, त्याचा पाया तिथला. वडिलांना झोप मिळावी म्हणून भरलेल्या त्या शाळेची गुरुजींनी कधी फी घेतली नाही. आईनं पाठवलेली गुळाची ढेपसुद्धा त्यांनी पोरांत वाटून टाकली.

गुरुजींचं हे ऋण मला फेडता आलं नाही, म्हणून एवढंच सांगणं: तुमच्या शेजारी परिचारिका असेल, पहारेकरी असेल, कारखान्यातला कामगार असेल, तर त्याच्या दारावरून दुपारी जाताना आवाज खाली ठेवा आणि पोरांना थोडा वेळ आपल्या घरी बोलवा.