नांदेड ते लातूर : यात्रा आणि इंधन
नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडून बालाघाटाच्या माळावरून लातूरला जाणारा रस्ता कुंथलगिरीच्या यात्रेकरूंना परिचित आहे. स्वयंपाकाच्या सामानासह ठरविलेले मोठे वाहन बहुधा डिझेलवर चालते. घरची मोटार मात्र पेट्रोलची. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याच्या घाईत पंपावर जुनीच सवय तोंडी येते. पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत सहज शिरते, हीच खरी अडचण. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपाला वंगणही पुरविते. पेट्रोलमध्ये तो गुण नाही. म्हणून चूक ध्यानात येताच किल्ली मुळीच फिरवू नये. वाहन ढकलून बाजूस घ्यावे, कारागिराकडून टाकी रिकामी करवावी. तोवर दशम्यांचे डबे तेथेच झाडाखाली सोडावेत. दिवस मावळण्यापूर्वीचे भोजन तेवढे साधते.