पसरणीचा घाट आणि डावा पाय

पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. एवढ्याशा प्रवासात मोटार चालविणाऱ्याला शहरातील कोंडी, सरळ महामार्ग, खंबाटकीचा चढ आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट अशा चार परीक्षा द्याव्या लागतात. हाताने गिअर बदलण्याची गाडी बरी की आपोआप गिअर बदलणारी बरी, हा वाद दुकानाच्या गादीवर बसून कितीही घालता येतो. या रस्त्यावर मात्र दोन्ही गाड्यांचे जमा-नावे एकाच दिवसात समोर येते.

मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याचे कुटुंब काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दोन गाड्या घेऊन निघाले. लहानमोठी मिळून नऊ माणसे होती. पुढची गाडी दहा वर्षांची, डिझेलची, पाच गिअरची. ती अडुसष्ट वर्षांचे बाबूजी स्वतः चालवीत होते. मागची नवी, ऑटोमॅटिक. ती सूनबाईंच्या हाती. ही गाडी पाडव्याला घरात आली, तेव्हा बाबूजींनी तिला ‘खेळणे’ म्हटले होते. त्यांचा डावा गुडघा झिजलेला आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. परंतु क्लच डाव्याच पायाने दाबावा लागतो, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढण्याचे धाडस कोणी करीत नसे.

बाबूजींचा अभिमान पोकळ नव्हता. स्टिअरिंगच्या दांडीलाच गिअरचा दांडा असलेल्या प्रीमिअर पद्मिनीवर ते शिकले. खंबाटकीत रेडिएटर तापला की बाजूला थांबून, झाकण निवेपर्यंत वाट पाहून पाणी ओतायचे, हे त्यांच्या पिढीचे नित्यकर्म होते. १९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढे घाटात थांबलेल्या मोटारींची रांग हळूहळू नाहीशी झाली. तरी गिअर केव्हा उतरवायचा हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखण्याचा त्यांचा कान शाबूत राहिला. अशा माणसाला गाडीने आपणहून निर्णय घ्यावा हे रुचत नाही. मुनीम भरवशाचा असला, तरी रोजमेळ स्वतः पाहिल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याचेच हे दुसरे रूप.

कात्रज चौकापर्यंतच ऑटोमॅटिकने पहिली बाजी मारली. सातारा रस्त्यावरील कोंडीत गाडी दहा पावले सरकते आणि थांबते. सूनबाई केवळ ब्रेक सैल करीत आणि गाडी आपसूक पुढे सरके. त्यांच्या गाडीत क्लचप्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर होता, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरपर्यंत जात होती. बाबूजींना तेवढ्याच अंतरात शेकडो वेळा डावा पाय दाबावा आणि सोडावा लागला.

ऑटोमॅटिक हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण त्यात पोटभेद आहेत. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त मोटारींत जी एएमटी पद्धत आली, तिच्यात क्लचप्लेट नेहमीचीच असते. पायाऐवजी यंत्र ती दाबते, एवढाच फरक. तिची किंमत साध्या गाडीहून साधारण ५० हजार रुपयांच्या आसपास अधिक, आणि इंधनाचा खर्च जवळजवळ तेवढाच. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी अधिक सफाईदार चालते. मात्र तिच्यासाठी लाखाच्या वर जास्त मोजावे लागतात. स्वस्तातली घेऊन महागातल्या सफाईची अपेक्षा करणारे ग्राहक भुसार बाजारातही भेटतात.

खंबाटकी निर्विघ्न पार पडली. सुरूर फाट्यावरून गाड्या वाईकडे वळल्या, कृष्णेचा पूल ओलांडला आणि पसरणी गाव आले. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. येथून पाचगणी हाकेच्या अंतरावर वाटते. पण या दहा-बारा किलोमीटरांत रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढतो. वर जावे तसे वाईचे खोरे उलगडत जाते. खाली उसाचे हिरवे चौकोन आणि दूरवर धोम धरणाचे पाणी दिसते. चालकाने मात्र त्या दिवशी ते पाहू नये हेच बरे. एका वळणावर एसटीसमोर पर्यटकांची बस आली आणि दोन्हीकडे रांग लागली. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी हा नियम उतरणाऱ्या मंडळींना अशा वेळी हमखास आठवत नाही.

पाऊण तास बाबूजी चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरत होते. हँडब्रेक ओढावा, ॲक्सिलरेटर देऊन क्लच उचलावा आणि इंजिनाने ओढ घेतली की हँडब्रेक सोडावा, ही योग्य रीत त्यांनीच घरातील सर्वांना शिकविली होती. पण प्रत्येक चार हातांसाठी तेवढे करण्याचा कंटाळा कोणालाही येतो. क्लचप्लेटचा जळका वास येऊ लागला. मागे सूनबाईंची गाडी ब्रेकवरून पाय काढताच किंचितही मागे न येता पुढे सरकत होती. पाचगणीत बाबूजी गाडीतून उतरले ते दाराला धरूनच. गुडघा सरळ होईना. पत्नीने तेलाची बाटली काढली, नातवंडे गप्प झाली, आणि मुलाने काही न बोलता किल्ली आपल्या खिशात टाकली.

महाबळेश्वर १,३७२ मीटर उंचीवर आहे; मे महिन्यातही तेथील संध्याकाळ सुखद असते. मात्र वेण्णा तलावापाशी पुन्हा तीच कोंडी भेटली. बाबूजी या खेपेस मुलाच्या शेजारी बसून पाय चोळत होते.

रविवारी सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपायचे म्हणून दुपारीच निघायचे ठरले. पाय ताठ ठेवायला पुढची जागा ऐसपैस म्हणून बाबूजींना ‘खेळण्यात’ सूनबाईंच्या शेजारी बसविण्यात आले. पाचगणी मागे पडून पसरणीचा उतार सुरू झाला. सूनबाईंनी गाडी ‘डी’वर ठेवली होती, जशी त्या लक्ष्मी रस्त्यावर ठेवत. गाडीने आपल्या समजुतीने वरचा गिअर धरला, वेग वाढत गेला आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबावा लागला. पाच-सहा वळणांनंतर बाबूजींनी काच खाली केली. करपल्यासारखा वास येत होता.

“बेटा, जागा पाहून गाडी बाजूला घे. घाई करू नकोस.”

“बाबूजी, ब्रेक थोडा खोल जातोय,” त्या हळूच म्हणाल्या.

गाडी थांबली. पुढच्या चाकांतून धग येत होती. सतत दाबून ब्रेक असे तापले की त्यांची पकड सुटत जाते; ब्रेकचे तेल उकळले तर पायाखालचे पेडल पोकळ लागते आणि मग कोणती गाडी चांगली हा वादच शिल्लक राहत नाही. शेजारी थांबलेल्या एका गृहस्थाने चाकांवर पाणी ओतण्याचा सल्ला दिला. बाबूजींनी हात जोडून नकार दिला, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकू शकते. अर्धा तास सर्वांनी सावलीत बसून खाकरे खाल्ले.

“हिचा दुसरा गिअर कुठे आहे?” बाबूजींनी विचारले. कोणाला सांगता येईना. माहितीपुस्तिका समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट पडून होती. नातीने ती फोडून वाचली, तेव्हा कळले की दांडा ‘एम’कडे ओढला की गाडी गिअर धरून ठेवते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुना दंडक या गाडीलाही लागू होता. फक्त तो तिला सांगावा लागत होता. हाताच्या गिअरची गाडी ही आठवण स्वतःच करून देते, आणि त्या बाबतीत बाबूजींचे म्हणणे खरे मानले पाहिजे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरू लागले, वेग आवरला आणि ब्रेकचे काम वळणापुरते उरले.

पुढे खंबाटकीचा बोगदा आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडून गाड्या नवले पुलाकडे निघाल्या. हा उतार दिसायला साधा आहे, पण अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन येथे अनेक बळी गेले आहेत. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याची खोड त्यामागच्या कारणांपैकी एक. तिचा हिशेबही चुकीचा आहे. हल्लीची इंजिने उतारावर गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. इंजिनच बंद केले तर ब्रेकची मदतही जाते. बाबूजी हे सांगण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात सूनबाईंनी स्वतःहून दांडा ‘एम’कडे ओढला. ते गप्प बसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

महिनाभराने क्लचप्लेट बदलून जुनी गाडी घरी आली आणि मुलाच्या वापरात गेली. बाबूजी त्यावर काही बोलले नाहीत. पण एका सुटीच्या पहाटे, बाजार बंद आणि रस्ते मोकळे असताना, ते सूनबाईंना घेऊन मार्केट यार्डात गेले. पहिल्याच थांब्याला सवयीने डावा पाय क्लच शोधत गेला आणि ब्रेकवर असा आदळला की दोघेही पट्ट्यात अडकून पुढे झुकली. पन्नास वर्षांच्या सवयीला नवी गाडी धोक्याची ठरते ती नेमकी येथे. बाबूजींनी गाडी ‘पी’वर घेतली. डाव्या पायातील चप्पल काढून मागच्या सीटवर ठेवली, तो पाय आत ओढून घेतला आणि म्हणाले, “आता त्याला आठवण राहील. चल, पुन्हा एक फेरी.”