पत

आमच्या घरात 'कर्ज' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाई. वडिलांनी १९७४ साली शेजाऱ्याच्या पाण्याच्या पंपासाठी काढलेल्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. त्याच वर्षी शेजाऱ्याची केळीची बाग रोगाने गेली आणि हप्ते आमच्या ओटीवर आले. पुढची चार वर्षे आमच्या पानवेलीचे उत्पन्न दुसऱ्याच्या पंपात मुरले. वडिलांनी त्या शेजाऱ्याशी अबोला धरला नाही; रविवारच्या मिस्साला दोघे पूर्वीसारखेच एका बाकावर बसत. मात्र आम्हां भावंडांना त्यांनी बजावून ठेवले : कुणाचे देणे ठेवू नका आणि कुणाच्या देण्याला सही करू नका. ही शिदोरी घेऊन २००८ सालच्या नोव्हेंबरात मी पत्नी व दोन मुलांसह वसईहून कॅनडातील मिसिसागा शहरी उतरलो.

बँकेत खाते उघडणे मुळीच कठीण गेले नाही. ओळखीची योग्य कागदपत्रे असली, की नोकरी नाही किंवा हाती ठेवायला पैसे नाहीत एवढ्या कारणावरून तेथील बँकेला खाते नाकारता येत नाही, असा कायदाच आहे. अडचण आली ती घर भाड्याने घेताना. इमारतीच्या व्यवस्थापकाने माझी पदवी, अठरा वर्षांच्या नोकरीचा दाखला, धर्मग्रामाच्या फादरांचे शिफारसपत्र, सारे सौजन्याने बाजूला सारले आणि माझा पत-अहवाल मागितला. अहवाल कोरा निघाला. "आयुष्यात मी कुणाचे एक पैसाही देणे लागलो नाही," असे मी काहीशा अभिमानाने म्हणालो. तो म्हणाला, "तीच तर अडचण आहे, साहेब. तुम्ही घेतलेले परत करता की नाही, हे आम्हांला कसे कळावे?"

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या गुणासाठी गावात चार माणसे मला मान देत, तोच येथे वैगुण्य ठरला होता. अखेर एका गोवेकर कुटुंबाच्या तळघरात आम्ही पहिला हिवाळा काढला. त्यांनी अहवाल मागितला नाही, चहा दिला.

पुढे हळूहळू उलगडा होत गेला. इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन संस्था माणसागणिक वही ठेवतात आणि त्या वहीवरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा काढला जातो. भारतातही अशी संस्था २००० साली स्थापन झाली होती. पण मी निघालो तेव्हा आमच्या आळीत 'सिबिल' हा शब्द कुणाच्या कानी नव्हता. शिवाय इकडची वही तिकडे आपोआप जात नाही. चाळिशीतला माणूस त्या कागदावर नुकता जन्मलेला असतो.

बँकेतल्या एका वयस्क बाईंनी मार्ग दाखवला. पाचशे डॉलर बँकेत अनामत ठेवायचे आणि तेवढ्याच मर्यादेचे क्रेडिट कार्ड घ्यायचे. स्वतःचेच पैसे तारण ठेवून उसने घेण्याचा हा प्रकार मला प्रथम हास्यास्पद वाटला. बाई म्हणाल्या, "दीडशेच्या वर खर्च करू नका, आणि बिल आले की पूर्ण भरा." मर्यादेच्या तीस टक्क्यांहून कमी वापर करावा, हा त्यामागचा हिशेब. बिल निघाल्यापासून किमान एकवीस दिवसांची सवड मिळते आणि त्या मुदतीत सारी रक्कम भरली तर खरेदीवर व्याज पडत नाही. बिलावर ठळक छापलेली 'किमान रक्कम' तेवढी भरत गेले, तर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. कार्डावर रोकड काढली तर सवडच नाही, त्याच दिवसापासून व्याज. मी त्या कार्डावर फक्त दूध आणि पाव घेत असे. दोन वर्षांत तळघर सुटले, अनामतही परत आली.

मग २०१२ साली आई गेली. मी दीड महिना वसईत होतो. त्या गडबडीत टेलिफोनचे अडतीस डॉलरांचे बिल राहून गेले. परतल्यावर तत्काळ भरले, पण तीस दिवस उलटून गेले होते आणि नोंद व्हायची ती झाली होती. उशिराची अशी नोंद सहा वर्षे राहते. घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा अधिकाऱ्याने नेमके तिथेच बोट ठेवले. मी म्हणालो, "माझी आई वारली होती." तो क्षणभर थांबला, खेद व्यक्त केला, परंतु त्या वहीत खेदासाठी रकाना नव्हता. घर वर्षभर लांबले. आईच्या दफनाचा महिना माझ्या नावे चुकारपणाचा महिना म्हणून २०१८ पर्यंत नोंदलेला राहिला, हे शल्य आजही आहे.

याच देशात क्यूबेक प्रांतातील लेवी गावी आल्फोन्स देजार्दाँ या गृहस्थांनी १९०० साली लोकांची पतपेढी काढली होती. संसदेतल्या कामासाठी ते ओटावाला गेले, की घरी हिशेबाच्या वह्या त्यांच्या पत्नी दोरिमेन सांभाळत. पहिल्या दिवशी जमा झाले ते २६ डॉलर ४० सेंट. अशा पेढ्या पुढे धर्मग्रामांच्या आधाराने वाढल्या. हे वाचले तेव्हा मला आमची पापडी आठवली. बसीन कॅथोलिक बँकही १९१८ साली अशाच लहान माणसांच्या पैशांतून उभी राहिली. तिथे कर्ज देणाऱ्याला घेणाऱ्याचे घर ठाऊक, वाडी ठाऊक, बापाचे नाव ठाऊक असे. अर्थात, ज्याला गावात कुणी ओळखत नाही त्याने तिथे काय करावे, हाही प्रश्न आहेच. आकड्याला निदान आडनाव विचारावे लागत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा मुलगा इकडे आला. तीन ठिकाणी त्याला घर नाकारले गेले. एका संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "मामा, सहीदार आणा म्हणतात." त्याच रात्री वसईहून बहिणीचा फोन आला. "दादा, तू सही करू नकोस हं. पप्पांचे काय झाले ते आठवते ना?" तिचा स्वर रडवेला होता. पोराला घर मिळावे, ही इच्छाही तिचीच होती.

सहीदाराने सही केली, की देणे त्याचेही होते. भाच्याने भाडे चुकवले तर घरमालक माझ्या दारात येणार. पत्नी म्हणाली, "गोवेकरांनी आपल्याला विचारले होते का?"

मी एका वर्षाच्या भाडेकरारावर सही केली. मोटारीच्या कर्जावर मात्र करणार नाही, हे त्याच बैठकीत सांगितले. पाचशे डॉलरांचे अनामत कार्ड त्याला घेऊन दिले. दूध आणि पावापुरते. दर महिन्याच्या एक तारखेला तो भाडे भरल्याचा निरोप पाठवतो. या महिन्यात दोन तारीख उजाडली तरी निरोप नव्हता. मी वडिलांच्या तसबिरीकडे न बघता फोन उचलला. तो रात्रपाळीहून येऊन झोपला होता. भाडे आदल्याच दिवशी गेले होते.