शेट, गाव कोणतं?

कांजूरमार्ग स्टेशन झाले १९६८ साली. तोवर मुंबईतले बहुतेक चांगले कोपरे इराण्यांनी अडवून झाले होते. त्यामुळे आमच्या वाट्याला उडप्याचा स्टीलचा पेला आला आणि ब्रून-मस्क्यासाठी लोकलने थेट धोबीतलाव गाठणे आले. तिथले कयानी १९०४ सालचे. गल्ल्यावरच्या शेटला आपण आयुष्यभर नुसते 'इराणी' म्हणतो. एरवी सोयरीक जुळवताना समोरच्याचे गाव, वाडी, विहीर आणि विहिरीवरून झालेले भांडण इथवर आपण पोचतो; पण इराण्याला गाव असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

तर गाव यझद. निदान पुष्कळांचे. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचे केरमान.

यझद म्हणजे वाळवंटाच्या कडेचे शहर. पाऊस वर्षाला जेमतेम साठ मिलिमीटर. आमच्याकडे जुलैत एका दुपारी एवढा पडतो आणि लोकल बंद पडतात. मग ही माणसे जगली कशी? डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची आणि जमिनीखालून उताराचा बोगदा काढून पाणी गावात आणायचे. याला म्हणतात कनात. झार्चची कनात सुमारे ऐंशी किलोमीटर लांब, म्हणजे कांजूरमार्गहून निघालेले पाणी कर्जतच्याही पुढे!

हे पाणी वेळेवर वाटत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक माप झाले. हिशेबाला 'मीराब' नावाचा माणूस. पाण्याचे वाटे विकत मिळत, वारसाने येत. आमच्या सोसायटीत हे काम सेक्रेटरी करतात, पण वाटीऐवजी मनाला येईल तेव्हा कॉक फिरवून.

अशा गावात रेशीम आणि कापड इतके नामी विणले जाई, की तेराव्या शतकात मार्को पोलोनेही त्याची नोंद केली. मग एवढे गाव सोडून लोक मुंबईत पाव भाजायला का आले? पोटासाठी, पण तेवढेच नव्हे. तिथल्या जरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता. घोड्यावर बसायची चोरी, वाऱ्यासाठी घरावर बादगीर बांधायची चोरी. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठवले. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे अर्जविनंत्या केल्या, तेव्हा १८८२ साली तो कर उठला. अर्जावर निर्णय व्हायला तीस वर्षे लागतात हे आम्हा बँकवाल्यांना नवल नाही. एकाच माणसाने तीस वर्षे पाठपुरावा केला, हे नवल.

या मंडळींची घरातली बोली 'दरी'. अफगाणिस्तानातली दरी वेगळी, ही वेगळी. फारसी बोलणाऱ्या शेजाऱ्याला ती कळत नसे, आणि या मोहल्ल्याची त्या खेड्याशी जुळत नसे. कर मागणाऱ्यापुढे घरचे बोलणे घरातच राहावे, याची ती उत्तम सोय होती. कर गेला, माणसे मुंबईला आली, नातवंडे गुजराती आणि इंग्रजी बोलू लागली. छळाला पुरून उरलेली बोली सुखात मात्र आटत चालली.

हसू नका. माझी आई मालवणीत विचारते, "खंय चल्लंस रे?" आणि नातू उत्तर देतो, "क्लास को." फारसीने मराठीला 'कारकून' हा शब्द दिला. राज्यव्यवहारकोश रचून शिवाजी महाराजांनी असल्या शब्दांना संस्कृत पर्याय काढवून घेतले, तरी मी आपला कारकून तो कारकूनच. शब्द असे चिवट असतात. बोली तशी नसते. तिला रोज कोणीतरी घरात बोलावे लागते, नाहीतर बोगद्यातला गाळ न काढलेल्या कनातीसारखी ती बुजते.

तेव्हा इराण्याकडे जाल तेव्हा पानी कम चहा जरूर घ्या, पण बिल देता देता विचारा, "शेट, गाव कोणतं?" आणि घरी आल्यावर आपल्या पोरालाही विचारा. त्याने "कांजूर" म्हटले तर रागावू नका. नुसते आजीजवळ नेऊन बसवा.