न झालेले अपील

चिमासाहेबांच्या नावाचा चौक आम्हां कोल्हापूरकरांच्या रोजच्या वाटेवरचा. पण त्यांच्या खटल्याविषयी विचाराल तर मी काय सांगणार? खटला चाललाच नाही! १८५७च्या ३१ जुलैला २७वी पलटण उठली, डिसेंबरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींच्या या धाकट्या भावावर कर्नल जेकबने संशय धरला आणि त्यांची रवानगी कराचीला झाली. १८६९ साली ते तिथेच वारले. जेकबसाहेबांनी आपली हकीकत छापली १८७१ मध्ये. खोडून काढायला उरले कोण?

युद्धात टोकियो रेडिओवर बोलणारी अमेरिकन इवा तोगुरी १९४९ साली देशद्रोही ठरली. अपीलही फेटाळले. पण साक्षीदारांची नावे दप्तरी होती. १९७६ मध्ये वार्ताहराने त्यांना गाठले, तेव्हा ‘आम्हांला पढवले होते’ म्हणाले! १९७७ मध्ये तिला माफी मिळाली. चिमासाहेबांविरुद्ध बोललेल्यांची उलटतपासणी मात्र राहिली ती राहिलीच.