मुरमाची वाट

सायकलीच्या चाकांत हवा भरावी लागते, हे ज्ञान मला नवव्या वर्षी झाले. ती कधीकधी काढूनही टाकावी लागते, हे कळावयास पन्नाशी उलटावी लागली. आणि तेही कोठे, तर फ्रान्सच्या मध्यभागी, सँ-बॉने-त्राँसे नावाच्या एका लहानशा खेड्यात. आणि कोणाकडून, तर जिला मीच एके काळी सायकल शिकवली त्या माझ्या मुलीकडून. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला चाकाच्या टणकपणाचा केवढा अभिमान! दुकानदाराने पंप मारला की अंगठ्याने चाक दाबून पाहावयाचे आणि मगच नाणे त्याच्या हातावर ठेवावयाचे, असा आमचा शिरस्ता होता. येथे मुलगी झडप दाबून खुशाल हवा सोडीत होती, आणि घरातले धान्य सांडताना पाहावे तसा मी हळहळत उभा होतो.

"मुरमावर टणक चाक उड्या मारते, बाबा," ती म्हणाली. "थोडे सैल असले म्हणजे खड्यांना धरून चालते."

ती 'मुरूम' म्हणाली याचे मला फार बरे वाटले. आपल्या भाषेची राखण करण्यात फ्रेंचांसारखे कडवे लोक नाहीत असे म्हणतात. पण या सायकलीला तेही मुकाट्याने इंग्रजी 'ग्रॅव्हल' हेच नाव देतात. आमच्या मुलीने मात्र बांधकामाच्या ढिगाऱ्यावर खेळताना शिकलेला शब्द परदेशात जपून ठेवला होता.

ती क्लेर्माँ-फेराँ येथे नोकरीस असते. हे शहर टायरांचे. मिशलँ बंधूंनी आपली कंपनी येथेच 1889 साली काढली. आणि 1891 साली शार्ल तेराँ याने त्यांचे काढता-घालता येणारे टायर बसवून पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत जिंकली. तेव्हा टायरांविषयी चार गोष्टी तिने मला ऐकवाव्यात हे ओघानेच आले. माझ्यासाठी भाड्याने आणलेल्या सायकलीचे टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद होते, आणि त्यांत ट्यूबच नव्हती. काटा रुतलाच तर भोक बुजवावे म्हणून आत एक पातळ द्रव घातलेला असतो म्हणे. हँडल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. अशा सायकलीला आमच्या वेळी कोणी मुलगीही दिली नसती!

खेड्याबाहेर पडून दहा मिनिटे झाली नाहीत तोच डांबर संपले. वाटेत एक आडवा दांडा होता. त्याच्या पलीकडे मोटारींना मज्जाव. दांड्याच्या बाजूने सायकली काढल्या आणि आम्ही त्राँसेच्या अरण्यात शिरलो. साडेदहा हजार हेक्टरांहून मोठे हे जंगल बहुतांशी ओक वृक्षांचे आहे. आतील वाटा आखणीदार, सरळ. आठ-दहा वाटा एका गोल मोकळ्या जागी येऊन मिळतात आणि पुन्हा पांगतात. सप्टेंबर संपत आला होता. चाकांखाली ओकची फळे कुरकुर करीत चिरडत होती, आणि लांब कोठे तरी माजावर आलेला हरणांचा नर एखाद्या बिघडलेल्या शिंगासारखा ओरडत होता.

ही नीरवता मला सुखाची वाटली, असे लिहिले तर वाचकांना ते पटेल. पण ते खरे नाही. पहिला तासभर मी अतिशय अस्वस्थ होतो. कान मागे लागलेले. प्रत्येक वळणावर बोटे आपोआप ब्रेकवर जात. मागून काहीच येत नाही, म्हणजे येणारे काही तरी आपल्याला ऐकू येत नाही, अशी माझ्या पुणेरी मज्जातंतूंची पक्की समजूत होती. मनाने दांडा ओलांडला नव्हता. हँडल घट्ट आवळल्यामुळे पुढचे चाक खडीवर डुगडुगे. डुगडुगले की मी अधिक आवळी, आणि मग ते अधिकच डुगडुगे. मुलगी शेजारून म्हणाली, "सोडा थोडे. ते आपली वाट आपण शोधते." चाकाविषयीच बोलत होती ती, पण मला ते लागले.

कारण सांगितले पाहिजे. ती आठवीत असताना एका संध्याकाळी शिकवणीहून परत येताना एका टेंपोने तिच्या हँडलला धक्का दिला. कोपर आणि गुडघा सोलवटला, यापलीकडे काही झाले नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली होती, भ्यालो मी. मी तिची सायकल जिन्याखालच्या गजांना साखळीने बांधली, कुलूप लावले आणि सांगितले की रस्ते सुधारेपर्यंत सायकल बंद. ज्या गावाची सायकलींचे गाव म्हणून ख्याती, जेथे मी स्वतः कॉलेजची सगळी वर्षे सायकलीवर काढली, तेथे मी हा हुकूम सोडला. रस्ते सुधारले नाहीत. सायकल गंजली आणि एके दिवशी भंगारवाल्याने नेली. मुलीने वाद घातला नाही. ती बसने जाऊ लागली, आणि मी तिला समजूतदार म्हणू लागलो. मुलांच्या गप्प बसण्याला आपण किती चटकन चांगले नाव देतो!

दुपारी आम्ही कोल्बेरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वनखंडापाशी थांबलो. येथील ओक तीनशे वर्षांहून जुने. फांदी फुटण्यापूर्वी खोड सरळ आभाळात चढत जाते. झाडे दाट वाढवावयाची, म्हणजे ती उजेडासाठी उंच होतात. आणि खाली बीचसारख्या सावलीच्या झाडांची दाटी राखावयाची, म्हणजे खोडाला भलत्या फांद्या फुटत नाहीत. कोल्बेर हा चौदाव्या लुईचा मंत्री. चराईने आणि बेसुमार तोडीने उजाड होत चाललेली राज्यातील जंगले राखावीत म्हणून त्याने 1669 साली मोठा कायदा केला. आरमाराला लाकूड हवे होते. पण ओकला जहाजाजोगे होण्यास दोनशे वर्षे लागतात. आणि 1859 साली फ्रान्सनेच 'ग्लुआर' ही लोखंडी चिलखताची युद्धनौका पाण्यात सोडली. आता त्राँसेच्या ओकांपासून मद्याची पिंपे करतात. झाड सावकाश वाढते म्हणून लाकडाचा पोत बारीक, आणि त्याच्या फळ्या करवतीने न कापता धाग्याबरोबर फोडतात म्हणजे पिंप पाझरत नाही. समुद्र गाजवण्यासाठी वाढवलेली झाडे तळघरांत द्राक्षरस सांभाळीत बसली आहेत. आणि उत्तम सांभाळतात म्हणे.

तेथे मला रामचंद्रपंत अमात्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराच्या लाकडाची चिंता आहेच; पण आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीदही आहे. ही ताकीद मी वर्गात कितीदा तरी शिकवली असेल, आणि दरवेळी झाडांकडे बोट दाखवले. लेकरांकडे कधी पाहिले नाही. (याच जंगलातील एका ओकला स्टेबिंग या गृहस्थाचे नाव आहे. हा हिंदुस्थानच्या वनखात्यातला अधिकारी, पुढे एडिंबरोस प्राध्यापक झाला. प्राध्यापकाच्या नावाने झाड असू शकते, या शोधाने मी त्याही स्थितीत थोडा सुखावलो.)

परतताना वाटेच्या कडेला तोडलेल्या ओंडक्यांची रास लागली. प्रत्येकाच्या तोंडावर रंगाने आकडा घातलेला. हे जंगल म्हणजे काही तपोवन नव्हे. येथे तोड चालते, ओंडके नेणारी गाडी मोडक्या फांद्या आणि खोल चाकोऱ्या मागे ठेवून जाते, आणि शिकारीच्या दिवसांत भडक नारिंगी बंडी घालून फिरणे शहाणपणाचे ठरते. मी एका ओंडक्यावरची वर्तुळे मोजू लागलो. सालीपासून आत तीन बोटांवर माझ्या मुलीचे जन्मवर्ष सापडले. ज्या वर्षी मी कुलूप लावले ते वर्ष त्याच्याही बाहेर, सालीच्या अगदी निकट होते. आत आणखी कितीतरी वर्तुळे होती. शंभरापर्यंत जाऊन माझे डोळे थकले.

मी बोट त्या वर्तुळावर ठेवून म्हणालो, "तुझी सायकल मी उगाच बांधून ठेवली."

ती पाणी पीत होती. बाटलीचे बूच लावून तिने माझ्याकडे पाहिले. "किल्ली मोल्सवर्थच्या कोशामागे असायची ना?"

"तुला ठाऊक होते?"

"पहिल्या आठवड्यापासून."

मग तू ती घेतली का नाहीस, की घेतलीस आणि मला कळले नाही, हे विचारावयास माझे तोंड उघडले होते. पण तेवढ्यात ती सायकलीवर बसली. पुढे उतार होता. दोन्ही बाजूंच्या ओकांमधून ती पांढुरकी वाट सरळ खाली, एके काळी लोखंडाच्या भट्ट्यांसाठी अडवलेल्या तळ्याच्या पाण्यापर्यंत गेली होती. मुलगी पायडल न मारता, खडी उडवीत, बघता बघता लहान झाली. मी हँडलवरची बोटे एकेक करून सैल केली. चाक थोडे डुगडुगले आणि मग चालू लागले.