भाट्ये खाडीतली शिडाची होडी

नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब रत्नागिरीला ताईकडे गेलो होतो. रत्नागिरीला जाणारा आपला माणूस थिबा राजवाडा पाहिल्यावाचून परत येत नाही, तसे आम्हीही पहिल्याच दिवशी गेलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, तोही बौद्धच. इंग्रजांनी त्याचे राज्य घेऊन 1886 साली त्याला येथे आणून ठेवले. राजवाडा 1910 साली झाला आणि 1916 साली राजा रत्नागिरीतच वारला. हे सारे आम्ही मुलांना मोठ्या हौसेने सांगत होतो, पण मुलांचे लक्ष कुठले तिकडे! ती पळाली थिबा पॉइंटवर.

तेथून खाली भाट्येची खाडी दिसते. काजळी नदी येथे समुद्राला मिळते. अलीकडे राजिवडा, पलीकडे भाट्ये गाव आणि सुरूचे बन, मध्ये लांब पूल. काठाला होड्याच होड्या. धाकट्याने विचारले, "बाबा, यातली आपली होडी कुठली?"

आम्ही हसलो, पण आई हसली नाही. तिचे माहेर खाडीकाठचेच. खाडी वाडीच्या पायाशी, पण सबंध वाडीत होडी एकाचीही नव्हती. पूल नव्हते तेव्हा पलीकडे जायला तर असायची. आईचे वडील त्या तरीत अगदी टोकाला, पाणी उडते तिथे बसत. तरवाला पैसे हातात घेत नसे, फळीवर ठेवायला लावी. आई हे एरवी कधी सांगत नाही, त्या दिवशी बोलली. आणि म्हणूनच बहुधा, ताईची मुलगी, आमची भाची, कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल शाखेत गेली तेव्हा सर्वांत जास्त विरोध आईचाच होता. "पोरीला दर्यात कशाला धाडायची? आपलं काय आहे तिथं?" असे तिचे म्हणणे. या नौदल शाखेची मुले-मुली शिडाच्या होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मोहिमेला जातात, आणि भाचीचे नाव पुढच्या मोहिमेच्या यादीत होते. घरात त्यावरून धुसफूस चाललेली आम्हाला आल्याबरोबर कळली होती.

भाचीने यावर एकच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी तिने आम्हा सर्वांना राजिवड्याला नेले. तिच्या ओळखीचे एक म्हातारे चाचा तेथे होते. आता बहुतेक होड्यांना यंत्र असते. चाचांच्या छोट्या होडीला मात्र वल्ही होती आणि ताडपत्रीचे ठिगळ लावलेले एक शीड. भाचीने घरून सर्वांच्या मापाची लाइफ जॅकेटे मागून आणली होती. (वाचकहो, जॅकेट नसेल तर मुलांना होडीत बसवू नका, होडीवाला कितीही जुना असो.) आई काठावरच उभी राहिली. "तुम्ही जाऊन या," म्हणाली. शेवटी नातीने हात धरला तेव्हा चढली, आणि सवयीने टोकाकडे निघाली. चाचा म्हणाले, "आजी, तिथं नको, मधी बसा. होडीचा तोल ऱ्हायला हवा." आई मधल्या फळीवर बसली.

दुपारचे चार वाजले होते, भरती पुरी होत आली होती आणि समुद्रावरून खारा वारा सुटला होता. चाचांनी शीड सोडले. ते फडफडले, मग एकदम फुगले, आणि होडी आवाज न करता खाडीत आत सरकू लागली. यंत्राच्या भडभडाटाची आपल्याला इतकी सवय झालेली असते की ही शांतता मुलांनाही चुप्प करून गेली.

पूर्वी सारा धंदा याच वाऱ्यावर चाले. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यावर होडी बाहेर जायची. दुपारनंतर खारा वारा उलटा येतो, त्यावर ती घरी यायची. तेलाचा खर्च नाही. मात्र वारा समोरून असला की अशी होडी नुसत्या शिडावर फारशी पुढे जात नाही, आडवी घसरते. भाचीने तिच्या शिक्षणातल्या होडीची गंमत येथे सांगितली. तिला व्हेलर म्हणतात. लांबी 27 फूट, दोन डोलकाठ्या, पाच वल्ही. तिच्या तळाला मधोमध एक फळी असते, ती वरखाली करता येते. खोल पाण्यात फळी खाली सोडली की ती पाणी धरून ठेवते, होडी आडवी घसरत नाही आणि वाऱ्याच्या तिरपे, नागमोडी जात जात समोरच्या वाऱ्यावरही मात करता येते. उथळ पाणी आले की फळी वर ओढायची.

हे ऐकत असतानाच आमची होडी रुतली! परतताना ओहोटी लागली होती, शीड उतरवून चाचा वल्ही मारत होते, तो खालून खरखर आवाज झाला. वाळूचा दांडा. आई घाबरली. चाचा मात्र शांतपणे उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हते. भाची आणि आम्हीही उतरलो, तिघांनी रेटा दिला आणि होडी सुटली. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, मोठ्या बोटींना आत यायला भरतीची वाट पाहावी लागते. लहान होडीचे सुख हे, की अडली तर माणसाच्या हाताने निघते.

मुंबईला परतल्यावर आम्ही याविषयी वाचनालयात बरेच वाचले. त्यात एक हकीकत सापडली. लंडनचे डेली मिरर हे कामगार वर्गात खपणारे दैनिक. होडी ही श्रीमंतांची चैन राहू नये, म्हणून त्याने 1962-63 च्या सुमारास आपल्या वाचकांसाठी मिरर नावाची लहान शिडाची होडी काढली. कापून तयार केलेल्या प्लायवूडच्या फळ्या घरी यायच्या. त्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, मग सांधे चिकटवायचे. साधा माणूस आपल्या अंगणात ती बनवू शके. किंमत होती 63 पौंड 11 शिलिंग. लांबी अकरा फुटांना थोडी कमी, वजन सुमारे 45 किलो, म्हणजे तांदळाच्या पोत्याहून कमीच. मोटारीच्या टपावर टाकून नेता येते. हिलाही तळाची फळी वर घेण्याची सोय आहे, त्यामुळे वीतभर पाण्यात चालते. अशा 70 हजारांहून अधिक होड्या जगभर झाल्या. तारेने होडी शिवायची कल्पना वाचून आम्हाला मौज वाटली, कारण मालवण-गोव्याकडे काथ्याने फळ्या शिवून होड्या पूर्वापार करत आले आहेत. तेव्हा कसब आपल्याकडे होतेच. वर्तमानपत्राने कामगाराच्या दारात होडी आणून ठेवावी, हे मात्र आपल्याकडे कुणाला सुचले नाही. आमच्यासारख्यांनासुद्धा नाही!

सूर्य टेकता टेकता आम्ही राजिवड्याला लागलो. भाडे द्यायला आम्ही खिशात हात घातला, तर आईने कनवटीचे पैसे काढून आधीच पुढे केले होते. चाचांनी ते तिच्या हातातून घेतले, मोजले आणि काही नोटा परत दिल्या. "पोरांचं अर्धंच," म्हणाले.

घरी येईपर्यंत आई काही बोलली नाही. जेवणे झाल्यावर भाची मोहिमेच्या कागदावर ताईची सही घेत बसली होती, तेव्हा आई आतून म्हणाली, "गो, उद्या भरती किती वाजता?"

"आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा, आजी."